नोंदवही आणि वचन : वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा भारतीय पूर्वेतिहास

१

‘खासगी’ हा शब्द मराठी दप्तरांच्या अभ्यासकास नवा नाही. मराठेशाहीच्या उत्तरकाळातील हिशेबांत दौलतीचे खाते वेगळे आणि खासगीचे वेगळे ठेवण्याची चाल होती. खासगी म्हणजे सत्ताधीशाच्या घरचा खर्च व त्याच्या स्वतःच्या मालकीची मिळकत. ज्याच्या हाती सत्ता, त्याचेच काय ते ‘खासगी’ असावयाचे, असा या योजनेचा अर्थ निघतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा प्रत्येक व्यक्तीचा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्वाळा दिला. एका शब्दाचा हा प्रवास लक्षात घेतला, म्हणजे मधल्या काळात समाजाच्या कल्पनेत केवढे स्थित्यंतर झाले याचा अंदाज येतो.

या निर्णयानंतर सहा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९२३ चा नव्हे, २०२३ चा हा कायदा इतिहासाच्या विभागाच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. कायदेपंडितांनी आणि व्यापारी संस्थांच्या सल्लागारांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु या बहुतेक लेखनात कायद्याचा इतिहास संगणकापासून सुरू होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आरंभ चुकीच्या जागी धरलेला आहे. आपल्या देशात माणसाविषयीची माहिती हा संघर्षाचा विषय झाला तो शासनाच्या नोंदवहीमुळे, आणि संगणक येण्यापूर्वी निदान शंभर वर्षे. ही नोंदवही डोळ्यांपुढे ठेवून २०२३ चा अधिनियम वाचला, तर त्यात काय आले आणि काय गळाले ते निराळेच दिसू लागते.

२

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा संमत झाला. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की मॅजिस्ट्रेटने तिच्या माणसांची नोंदवही तयार करावयाची, असे त्याचे सूत्र होते. जाहीरनाम्याची योग्यायोग्यता तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नव्हता. प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता असलेला हा कायदा १९११ च्या सुधारित कायद्याने सर्वत्र लागू करता येऊ लागला आणि त्याला बोटांच्या ठशांची जोड मिळाली. आपल्याकडे सोलापूरला तारेच्या कुंपणाआड जी वसाहत उभी राहिली आणि जिला लोक नुसते ‘सेटलमेंट’ म्हणत, ती याच कायद्याचे अपत्य होय. तिथल्या माणसाने कोणता गुन्हा केला हा प्रश्नच नव्हता. त्याचे नाव वहीत होते, म्हणून त्याने हजेरी द्यावयाची. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. मात्र त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या प्रांतोप्रांतीच्या कायद्यांनी घेतली, आणि वहीतील जुनी नावे नव्या वहीत उतरली तर त्यात नवल करण्यासारखे काही नव्हते.

याच सुमारास दुसरी एक, आकाराने कितीतरी मोठी नोंदवही तयार होत होती. १८७२ ची पहिली आणि १८८१ ची एकसमयावच्छेदाने झालेली पहिली जनगणना हे आपल्या सामाजिक इतिहासाचे ठळक टप्पे मानले जातात. जातींच्या वर्गीकरणावर या गणनांचा जो परिणाम झाला त्याविषयी विपुल संशोधन झाले असल्याने येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जनगणनेला लोकांचे सहकार्य लागते. दारात आलेल्या गणकाला घरातील माणसांची नावे, वये, जात, धर्म, व्यवसाय हे सारे खरे सांगितले जावे, यासाठी सांगणाऱ्याच्या मनात काही एक विश्वास असावा लागतो. १९३१ च्या गणनेवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला, तेव्हा हा विश्वास किती नाजूक असतो हे सरकारच्या ध्यानी आले असलेच पाहिजे.

स्वातंत्र्यापूर्वी प्रत्येक गणनेसाठी तेवढ्यापुरता कायदा केला जाई. १९४८ साली कायम स्वरूपाचा जनगणना अधिनियम झाला. त्याचे पंधरावे कलम या लेखाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. जनगणना अधिकाऱ्याने केलेली कोणतीही वही, नोंदपट वा लेख तपासण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि पुरावाविषयक कायद्यात काहीही असले तरी त्यातील नोंद दिवाणी दाव्यात, किंवा खुद्द जनगणना कायद्याखालील खटला सोडून अन्य फौजदारी खटल्यात, पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही, असे हे कलम सांगते. याच अधिनियमाने माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षा ठरविली आहे. नागरिकावर उत्तर देण्याची सक्ती केली, परंतु त्या बदल्यात शासनाने स्वतःचे हात बांधून घेतले. तुझे उत्तर मोजण्यापुरते, तुझ्याविरुद्ध नाही, असे हे वचन आहे. ‘हेतुमर्यादा’ म्हणून ज्या तत्त्वाचा आज मोठा गवगवा केला जातो, ते तत्त्व त्या नावाशिवाय, आणि तेही शासनाविरुद्ध, आपल्या कायद्यात १९४८ सालीच आले होते. आपल्याकडील माहिती-संरक्षणाच्या चर्चेत या कलमाची आठवण क्वचितच काढली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

३

जनगणनेच्या वहीला वचनाचे कुंपण मिळाले. पोलिसांच्या वहीला मात्र ते मिळाले नाही. या वहीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो खरकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात, आणि त्याचा निकाल १८ डिसेंबर १९६२ रोजी लागला. हे प्रकरण थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे.

खरकसिंगवर १९४१ साली दरोड्याचा आरोप आला होता. पुरावा नसल्याने त्याची सुटका झाली. तरीही पोलिसांनी त्याचा ‘इतिहासपट’ उघडला. इंग्रजीत यास ‘हिस्टरी शीट’ म्हणतात, आणि आपल्या व्यवसायाचे नाव या वस्तूला मिळावे ही एक चमत्कारिक योगायोगाची गोष्ट आहे. उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमात पाळतीचे सहा प्रकार सांगितले होते : घरावर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन तपासणी, अधिकाऱ्यांकडून वेळोवेळी चौकशी, शिपाई व चौकीदारांनी येण्याजाण्याची खबर देणे, चौकशी-चिठ्ठ्यांनी तिची खातरजमा करणे, आणि हे सारे इतिहासपटावर नोंदवून ठेवणे. रात्री दार ठोठावून झोपेतून उठवले जाते, ही खरकसिंगची मुख्य तक्रार होती.

न्यायालयाच्या बहुमताने रात्रीच्या भेटींचा तेवढा नियम घटनाबाह्य ठरविला. राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क असा सांगितलेला नाही, तेव्हा बाकीचे प्रकार चालू राहण्यास हरकत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्यासह, भिन्न मत नोंदविले. आपल्यावर नजर आहे या जाणिवेने माणसाचे मनच आखडते, म्हणून खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा अंगभूत भाग होय आणि सबंध नियमच रद्द व्हावयास हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

या निकालाचे विवेचन करताना बहुमत आणि अल्पमत यांतील फरकावर भर देण्याचा प्रघात आहे. तो योग्यच आहे. तथापि प्रस्तुत लेखकास अधिक लक्षणीय वाटते ती बहुमताने आखलेली सीमारेषा. बहुमताने दार वाचविले आणि वही तशीच राहू दिली. शिपायाने उंबरठा ओलांडणे हे त्यांना आक्रमण वाटले. तोच शिपाई उंबरठ्याबाहेर उभा राहून वर्षानुवर्षे जे लिहून ठेवतो, ते वाटले नाही. आठ वर्षांपूर्वी, १९५४ साली, एम. पी. शर्मा प्रकरणात झडती व जप्तीविषयी निर्णय देताना आठ न्यायमूर्तींच्या पीठाने जी भूमिका घेतली होती तीही घर, कपाट, कागद यांच्याच परिभाषेत होती. खासगीपणा म्हणजे घराची भिंत, अशी ती समजूत. १९७५ च्या गोविंद प्रकरणात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी खासगीपणाच्या हक्काकडे सहानुभूतीने पाहिले खरे, पण पाळतीचे नियम त्यांनीही उचलून धरले.

इतिहासपट आजही आहेत. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील मजकूर सार्वजनिक होऊ नये, अल्पवयीन मुलांचा तपशील त्यांत येऊ नये, असे सांगितले, आणि मागास व वंचित समाजातील निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे चढविली जात असल्याकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी दिलेल्या दुसऱ्या एका निर्णयात तुरुंगांच्या नोंदपटांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. १८७१ ची वही बंद होण्यास किती काळ लागतो, याची ही दोन प्रमाणे पुरेशी आहेत.

४

नोंदवहीचा प्रश्न हा नोंदवहीचाच म्हणून सोडविण्याचा पहिला प्रयत्न युरोपात झाला. पश्चिम जर्मनीतील हेसन या घटकराज्याने १९७० साली केलेला कायदा हा या विषयावरील जगातील पहिला कायदा मानला जातो, आणि तो सरकारी कचेऱ्यांच्या यंत्रांसाठी होता हे विसरता कामा नये. व्यापारी पेढ्यांचा विचार पुढचा. स्वीडनमध्ये १९७० च्या जनगणनेवरून लोकांत कुरबूर झाली आणि १९७३ साली तेथे पहिला राष्ट्रीय कायदा आला. या दोन्ही उदाहरणांत शासन हेच भीतीचे कारण आहे.

तिसरे उदाहरण आपल्या १९४८ च्या पंधराव्या कलमाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. पश्चिम जर्मनीत १९८३ साली व्हावयाच्या जनगणनेविरुद्ध मोठे आंदोलन झाले. गणनेत मिळालेली माहिती नगरपालिकांच्या रहिवासी नोंदवह्या दुरुस्त करण्यासाठी वापरता येईल, अशी त्या कायद्यात तरतूद होती. १५ डिसेंबर १९८३ रोजी तेथील घटना-न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. संख्याशास्त्रासाठी घेतलेली माहिती कारभारासाठी वापरणे म्हणजे दोन हेतूंची सरमिसळ होय, आणि यंत्राच्या युगात क्षुल्लक अशी कोणतीच माहिती उरत नाही, अशी न्यायालयाची विचारसरणी होती. आपल्याविषयीची माहिती कोणास व कशासाठी द्यावी हे ठरविण्याच्या अधिकारास त्यांनी ‘माहितीविषयक आत्मनिर्णय’ हे नाव दिले. युरोपीय संघाचा २०१६ साली संमत झालेला आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेला विनियम याच परंपरेतील आहे.

आपल्याकडे मात्र हीच सरमिसळ फारसा गाजावाजा न होता घडली. २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० साली करीत असताना त्याच गणकांनी त्याच घरी राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा दुसरा तक्ता भरून घेतला. पहिला तक्ता १९४८ च्या अधिनियमाखालचा होता. दुसरा १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाखालील २००३ च्या नियमांनुसार होता, आणि त्याला पंधराव्या कलमाचे वचन लागू नव्हते. दारातल्या माणसाला हा फरक कोण समजावून सांगणार? त्याच्या दृष्टीने सरकारी माणूस आला, प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली.

५

संगणकयुगातील भारतीय कायदा आरंभी व्यापारासाठी झाला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम घातले गेले. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीने नुकसान सोसणाऱ्यास भरपाई द्यावी, असे ते कलम होय. परदेशांतील कामे येथे करून देणाऱ्या उद्योगाला आपल्या गिऱ्हाइकांना हमी द्यावी लागे, ही त्यामागची एक निकड होती. शासन या कलमाच्या कक्षेत नव्हते.

शासनाच्या बाजूला याच काळात एक अभूतपूर्व नोंदवही उघडली गेली. तिचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात एका स्त्रीला देण्यात आला. ज्या प्राधिकरणाने तो दिला ते २००९ साली नुसत्या कार्यकारी आदेशाने स्थापन झाले होते. आधारला संसदेचा कायदा मिळाला तो २०१६ मध्ये. म्हणजे वही आधी आणि वचन नंतर. १९४८ चा क्रम येथे उलटा झाला. २०१२ साली निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी या योजनेस आव्हान दिले. २०१५ साली सरकारतर्फे असा युक्तिवाद करण्यात आला, की शर्मा व खरकसिंग या निर्णयांमुळे भारतीय नागरिकास खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. एका दरोड्याच्या आरोपातून सुटलेल्या माणसाच्या दारावरची रात्रीची थाप अशा रीतीने पन्नासहून अधिक वर्षांनी शंभर कोटींच्या नोंदवहीच्या वादात पुन्हा ऐकू आली. नऊ न्यायमूर्तींनी दोन्ही जुन्या निर्णयांतील ती मते मोडीत काढली. शासनाचे आक्रमण कायद्याने ठरविलेले असावे, त्यास योग्य प्रयोजन असावे आणि ते प्रयोजनाच्या प्रमाणात असावे, अशी कसोटीही सांगितली. पाठोपाठ २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने आधार योजना बहुमताने ग्राह्य धरली, परंतु खासगी कंपन्यांना तिचा मन मानेल तसा वापर करू देणारी तरतूद काढून टाकली.

न्यायालयात ही सुनावणी चालू असतानाच, ३१ जुलै २०१७ रोजी, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी ज्यांनी केली तेच हे श्रीकृष्ण. त्यांच्या २०१८ च्या मसुद्यात दोन गोष्टी अशा होत्या, की ज्यांचे मूळ आपण वर पाहिलेल्या इतिहासात सापडते. पहिली, जात अथवा जमात ही ‘संवेदनशील’ माहितीच्या यादीत घातलेली होती. दुसरी, सुरक्षिततेच्या कारणास्तव शासनास सूट हवी असेल तर ती संसदेच्या कायद्याने आणि आवश्यकतेच्या प्रमाणातच मिळावी, असे म्हटले होते. २०१९ च्या विधेयकात दुसरी गोष्ट बदलली. केंद्र सरकारने आदेश काढून कोणत्याही खात्यास सूट द्यावी, असे त्यात आले. खुद्द श्रीकृष्ण यांनी त्यावर जाहीर टीका केली. ते विधेयक संयुक्त समितीकडे जाऊन ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. नवे विधेयक बरोबर एक वर्षाने मांडले गेले आणि आठवडाभरात दोन्ही सभागृहांतून संमत झाले.

६

या अधिनियमाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. ज्याची माहिती, त्या व्यक्तीची संमती हा त्याचा पाया आहे. माहिती घेणाऱ्यास ‘डेटा फिड्युशियरी’, म्हणजे माहितीचा विश्वस्त, असे नाव आहे, आणि हा शब्द श्रीकृष्ण समितीची देणगी होय. विश्वस्ताने कोणती माहिती कशासाठी घेत आहोत याची सूचना द्यावयाची. ती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचावयास मिळाली पाहिजे. म्हणजे ती मराठीत मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ही तरतूद बारीक अक्षरांतील इंग्रजी मजकुराखाली निमूटपणे होकार देणाऱ्या समाजात लहान समजू नये. दिलेली संमती परत घेता येते. हेतू पुरा झाला की माहिती खोडून टाकावयाची. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागते. माहिती फुटल्यास विलंब न लावता संबंधितांस व मंडळास कळवावे लागते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणे बहात्तर तासांत मंडळास सविस्तर वृत्त द्यावे लागते. दोन कोटी वा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या विक्री-मंचांनी आणि समाजमाध्यमांनी तीन वर्षे न फिरकलेल्या माणसाची माहिती, अठ्ठेचाळीस तास आधी त्यास कळवून, पुसून टाकावयाची आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

हे सारे स्वागतार्ह आहे. व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्या संबंधात असे बंधन आपल्याकडे प्रथमच येत आहे, आणि ते पाळण्यास पेढ्यांना बराच खटाटोप करावा लागेल. पण दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ४३-अ कलमाखाली नुकसान सोसणाऱ्यास भरपाई मागता येत असे; ते कलमच या अधिनियमाने वगळण्याचे ठरविले आहे, आणि त्याच्या जागी भरपाईची सोय केलेली नाही. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकासच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘विश्वस्त’ या शब्दाशी हा व्यवहार कसा जुळतो ते कळत नाही.

नोंदवहीचे काय, हा आपला मूळ प्रश्न. सवलती, लाभ, दाखले वा परवाने देण्यासाठी शासन संमतीवाचून माहिती वापरू शकते. सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेस अधिसूचनेने संपूर्ण अधिनियमातून सूट देऊ शकते. माहिती खोडण्याचे बंधन शासनास नाही. संवेदनशील माहितीचा वर्गच उरला नाही, त्यामुळे जात-जमातीची नोंद आणि दुकानातील खरेदीची नोंद यांत कायद्याच्या नजरेने भेद नाही. देखरेखीसाठी जे मंडळ, त्याचे अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकारने नेमावयाचे, आणि त्यांची मुदत दोन वर्षांची, पुनर्नियुक्तीस पात्र. शासन हाच सर्वांत मोठा नोंदवही-धारक असताना त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांना दर दोन वर्षांनी त्याच्याच कृपेची वाट पाहावी लागावी, ही योजना १९४८ च्या कायदेकारांस रुचली असती असे वाटत नाही. सुरक्षिततेची निकड खोटी असते, असे येथे म्हणावयाचे नाही. सूट आवश्यकतेच्या प्रमाणात असावी हे २०१८ च्या मसुद्यातील शब्द ठेवले असते तर ती निकडही भागली असती.

७

आता आपल्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळू. संशोधन, अभिलेखन आणि संख्याशास्त्र यांसाठी होणाऱ्या वापरास, त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल आणि नियमांतील प्रमाणके पाळली जाणार असतील, तर सूट आहे. आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, ती बिनचूक असावी, लागेल तोवरच ठेवावी, सुरक्षित ठेवावी, अशी ही प्रमाणके आहेत. यांपैकी ‘लागेल तोवर’ हे शब्द इतिहासकारास कोड्यात टाकणारे आहेत. इनाम कमिशनने गेल्या शतकाच्या मागल्या शतकात गोळा केलेली आणि पुण्याच्या दप्तरात राहिलेली कागदपत्रे, त्यांचे मूळ प्रयोजन सरल्यावर खोडली गेली असती, तर सरदेसाई यांच्या हाती १९२९ नंतर निवड करण्यास काय उरले असते? आपला सारा विषय कोणाच्या तरी प्रयोजनाच्या शिलकीवर उभा आहे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. हा अधिनियम डिजिटल स्वरूपातील, किंवा मागाहून त्या स्वरूपात आणलेल्या माहितीस लागू आहे. रुमालात बांधलेली वही त्याच्या कक्षेबाहेर आहे. तीच वही आपण छायांकित करून संगणकावर चढविली, की तिच्यातील माहिती कक्षेत येते. मृत व्यक्तींविषयी अधिनियम स्पष्टपणे बोलत नाही; आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी नामनिर्देशन करता येईल एवढेच तो सांगतो. अठराव्या शतकातील कुळांच्या बाबतीत यावरून कोणी वाद घालणार नाही. परंतु सेटलमेंटच्या नोंदवहीतील मुले आज आजोबा झालेली असू शकतात, आणि त्यांची नातवंडे आपल्या वर्गात असू शकतात. त्या वहीचे पान प्रसिद्ध करताना नाव ठेवावे की झाकावे, हा प्रश्न कायद्याच्या सवलतीने मिटत नाही. जे विद्यार्थी अशा वस्त्यांत जाऊन मुलाखती ध्वनिमुद्रित करतात, त्यांनी मुद्रण सुरू करण्यापूर्वी त्याचे प्रयोजन मराठीत, समोरच्यास कळेल अशा शब्दांत सांगावे आणि त्याचा होकारही त्याच मुद्रणात घ्यावा, हा प्रघात आपण विभागात आजपासून पाडावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. या अधिनियमाच्या ४४ (३) कलमाने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील ८ (१) (ञ) ही तरतूद बदलली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारावयाची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अनुचित आक्रमण होते, असे दाखवावे लागे. शिवाय जी माहिती विधिमंडळास नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारू नये, अशी पुस्ती होती. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे कारण पुरते. सार्वजनिक हिताचा विचार करून माहिती देता येईल हे दुसरे पोटकलम शिल्लक आहे, मात्र भार फिरला आहे. आणि कालक्रमही पाहण्यासारखा आहे : नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने नागरिकाच्या संमतीची, सूचनेची व खोडून घेण्याच्या हक्काची कलमे अठरा महिन्यांनी अमलात यावीत असे ठरविले, माहिती अधिकारातील हा बदल मात्र तत्काळ अमलात आला.

माहितीच्या अधिकाराची चळवळ कशातून उभी राहिली हे आठवावे. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यांत गावापुढे हजेरीपट वाचले गेले, आणि मेलेल्या वा गाव सोडून गेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचललेली उघडकीस आली. महाराष्ट्रातही २००२ चा कायदा अशाच आग्रहातून आला. सेटलमेंटमध्ये सरकार माणसाची हजेरी घेत होते. जनसुनावणीत माणसे सरकारच्या हजेरीपटाची हजेरी घेऊ लागली. त्या पटातील प्रत्येक ओळ म्हणजे एका व्यक्तीचे नाव व तिची मजुरी, अर्थात वैयक्तिक माहितीच होय.

माहिती अधिकार कायद्याच्या ८ (३) पोटकलमाप्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती मागितली असता (ञ) चा अडसर उरत नाही. तेव्हा २०२५ सालच्या हजेरीपटाची नक्कल २०४६ साली आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी मागितली, तर ती त्याला मिळावयास हवी. त्याच पटावर शेजारच्या मृत माणसाच्या नावाने कोणी पैसे उचलले का, हे २०२६ साली विचारणाऱ्या मजुराला ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे लेखी उत्तर देण्याचा मार्ग आता अधिकाऱ्यास मोकळा आहे.